गाडीचा पट्टा आणि त्याचा ताण : व्यापाऱ्याने जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा धान्याच्या भावांविषयी किंवा बाजार समितीच्या नियमांविषयी आम्ही चार शब्द लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकाराने लिहू शकतील असे अनेक सभासद आपल्या संघात आहेत. आम्ही मात्र मालगाडीच्या इंजिनावर बसणाऱ्या एका लहानशा भागाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हा भाग एका हातात सहज मावतो. गाडी विकत घेताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही आणि तो मोडेपर्यंत त्याचे नावही पुष्कळांस ठाऊक नसते. त्यास ‘बेल्ट टेन्शनर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘ताणक’ म्हणता येईल. परंतु गॅरेजात जाऊन ताणक मागितल्यास कोणी देणार नाही, म्हणून येथे प्रचारातलाच शब्द ठेवतो.

आम्ही यंत्रविद्या शिकलेलो नाही. मॅट्रिक झाल्यावर वडिलांच्या शेजारी गादीवर बसलो, ते आजतागायत तांदूळ, ज्वारी आणि तूरडाळ यांच्यातच वावरत आहो. तेव्हा मेस्त्रीला शिकवावे, अशी आमची योग्यता नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात मालाची एखादी तरी गाडी उभी असते. तिच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करणारे आपणच असतो, आणि ‘आता राहू द्या, पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणणारेही आपणच असतो. त्या एका वाक्यापायी आमच्या हातून काय घडणार होते, हे आपणांस कळावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

पट्ट्याची ओळख

पट्टा ही वस्तू धान्याच्या व्यापाऱ्यास नवी नाही. पिठाची गिरणी असो वा डाळीची, मोटारीची गती पट्ट्यानेच जात्यापर्यंत पोहोचते. जुन्या गिरण्यांतून रुंद, सपाट पट्टे असत. पट्टा सैल झाला की घसरू लागे, जाते मंदावे, पीठ जाडसर पडे आणि पट्टा जळल्याचा वास सुटे. मग गिरणीवाला त्याला राळ लावी, किंवा पट्टा थोडा कापून पुन्हा जोडी. विजेची मोटर आली तेव्हा ती सरकत्या रुळांवर बसवू लागले. पट्टा सैल झाला की मोटर थोडी मागे ओढावयाची व बोल्ट आवळावयाचे.

मोटारगाडीचा पट्टाही हेच काम करतो. इंजिनाच्या पुढच्या अंगाला क्रँकची पुली फिरत असते. तिच्यावरून पट्टा निघतो आणि इतर पुल्यांना फिरवतो. अमेरिकेत डेन्व्हर येथे गेट्स कंपनीच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबर व धाग्यांचा, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा तयार केला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून बसे, त्यामुळे पकड चांगली राही. आमच्या वडिलांच्या गाडीत असाच पट्टा होता. त्यास सारे ‘फॅन बेल्ट’ म्हणत, कारण पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो एवढेच त्याच्यावर चाले. पट्टा सैल झाला की डायनॅमोचा बोल्ट ढिला करावयाचा, पहारीने डायनॅमो बाहेर रेटावयाचा आणि बोल्ट पुन्हा आवळावयाचा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे अर्धा इंच लवला की ताण बरोबर, असा ठोकताळा असे. तेथे टेन्शनरचे काम माणूसच करी.

पुढे गाडीत कामे वाढली. डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, स्टिअरिंगला मदत करणारा पंप आला, थंड हवेचा कॉम्प्रेसर आला. प्रत्येकास वेगळा पट्टा लावण्याऐवजी एकच लांब, चपटा, आतील अंगास बारीक रेघा असलेला पट्टा साऱ्या पुल्यांवरून सापासारखा वळवून नेण्याची रीत निघाली. १९७९ सालच्या फोर्ड मस्टँग गाडीत असा पट्टा प्रथम आला, आणि पुढे तो जगभर रूढ झाला. या पट्ट्यावरील अक्षरे वाचता येणे सोपे आहे. ‘६ पीके १७००’ असे लिहिले असेल, तर त्यास ६ रेघा असून त्याची लांबी १७०० मिलिमीटर आहे, असे समजावे.

एकच पट्टा सर्व कामे करू लागला, यात सोय झाली तसा धोकाही वाढला. पूर्वी एक पट्टा तुटला तर एक काम थांबे. आता पट्टा गेला की त्याच्यावर अवलंबून असलेली सारी कामे एकदम थांबतात.

टेन्शनर काय करतो

पट्ट्याची पकड त्याच्या ताणावर अवलंबून असते. ताण कमी झाला तर पट्टा घसरतो, तापतो व त्याच्या रेघा झिजतात. ताण फार झाला तर पट्टा बचावतो, परंतु आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांच्या बेअरिंगांवर भार येऊन ती लवकर बसतात. म्हणजे तराजूच्या काट्याप्रमाणे ताणही मध्येच राहिला पाहिजे.

हा ताण सदैव सारखा राहणे मात्र कठीण असते. उष्णतेने व वापराने पट्टा किंचित लांबतो. दिवे लावले, बॅटरी भरू लागली, स्टिअरिंग वळविले, की पट्ट्यावरील भार क्षणात बदलतो. शिवाय इंजिनाची गती आपल्याला एकसारखी वाटली, तरी प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा क्रँकला एक झटका बसतो. डिझेल इंजिनात हे झटके अधिक जोराचे असतात, आणि ते सारे पट्ट्याला सोसावे लागतात.

टेन्शनर हे सारे सांभाळतो. त्याची रचना साधी आहे. एका बैठकीत पीळ दिलेली मजबूत स्प्रिंग असते. तिच्या जोरावर एक आखूड हात पट्ट्यावर रेटलेला राहतो, आणि त्या हाताच्या टोकास बेअरिंगवर फिरणारी एक पुली असते. पट्टा सैल पडू लागला की हात पुढे सरकतो. ताण वाढला की मागे येतो. बैठकीच्या आत घर्षणाने आवर घालणारी एक सोयही असते, तिच्यामुळे हात थरथरत नाही. म्हणून टेन्शनर तीन तऱ्हांनी खराब होतो, हे लक्षात ठेवावे: स्प्रिंग थकते, आतील आवर झिजून हात थरथरू लागतो, किंवा पुलीचे बेअरिंग जाते. यांपैकी काहीही झाले, तरी वरून पाहणाऱ्यास पट्टा जागेवरच दिसतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इंजिनाच्या पोटात व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा ‘टायमिंग बेल्ट’ काही गाड्यांत असतो व त्यालाही स्वतःचा टेन्शनर असतो. तो विषय सर्वस्वी वेगळा असून अनुभवी मेस्त्रीवाचून त्यास कोणी हात लावू नये. आम्ही लिहीत आहो ते बाहेरच्या पट्ट्याविषयी.

आम्हांस घडलेली गोष्ट

२०१४ सालची गोष्ट. गणेशचतुर्थी तोंडावर आली होती. गोव्यात चवथीचा बाजार मोठा असतो. म्हापशाच्या व्यापाऱ्यांच्या मागण्या रोज वाढत होत्या, आणि बेळगावहून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने आमची पिकअप गाडी एक दिवसाआड खाली जात होती. गाडीचे चालक आमच्या पेढीवर वीस वर्षांपासून होते. त्यांना पेढीवरील लहानथोर ‘मामा’ म्हणतात. आम्हीही तसेच म्हणतो.

एका सकाळी माल भरताना मामा गादीपाशी आले व म्हणाले, “अण्णा, इंजिनाच्या तोंडाशी पट्टा ओरडतोय. टेन्शनर बदलावा लागेल.” आम्ही गाडी गॅरेजात पाठविली. मेस्त्रीनेही पट्टा व टेन्शनर दोन्ही बदलावे, असेच सांगितले. टेन्शनर गावात मिळत नव्हता, मागवावा लागणार होता, आणि त्यासाठी गाडी दोन दिवस उभी राहिली असती. आम्ही दूरध्वनीवरून विचारले, “नुसता पट्टा घातला तर चालेल का?” मेस्त्री म्हणाला, “चालेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही.” व्यापारी माणूस अशा उत्तरातले पहिलेच अक्षर ऐकतो. आम्ही म्हणालो, “पट्टा घाला. बाकीचे चवथीनंतर पाहू.”

नवा पट्टा पडला. दोन दिवस आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी पुन्हा सांगितले की आवाज परतला आहे, आणि आता त्यात खडखडही आहे. आम्ही चोपडीतून मान वर केली नाही. “एवढी एक खेप करून या,” असे म्हणालो.

त्या खेपेस ५० किलोची २५ पोती होती. पाऊस कोसळत होता. घाटाच्या उतरणीवर टेन्शनरच्या पुलीचे बेअरिंग पूर्ण गेले, पुली तिरकी झाली आणि नवा कोरा पट्टा तिने बाहेर फेकून दिला. समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला. त्याच क्षणी स्टिअरिंग जड झाले. मामांनी ब्रेक दाबला, तो लागला; दुसऱ्यांदा दाबला, तेव्हा पेडल दगडासारखे घट्ट झाले होते.

हे असे का झाले, ते आम्हांस नंतर समजले. अनेक लहान डिझेल गाड्यांत ब्रेकच्या पेडलला मदत करणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीवर बसविलेला असतो. पट्टा गेला की आल्टरनेटर थांबतो आणि त्याबरोबर हा पंपही थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोन वेळा नेहमीसारखा लागतो. पुढे ब्रेक नाहीसा होत नाही, परंतु तो लावावयास पायाचा अनेक पट जोर लागतो. भरलेली गाडी, ओला उतार आणि जड झालेले स्टिअरिंग अशा वेळी हा फरक जिवावरचा असतो.

मामांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घातली, दोन्ही पायांचा जोर एका पेडलवर दिला आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगाला गटाराकडे चाक वळविले. गाडी कडेला घासत जाऊन थांबली. थांबताक्षणीच त्यांनी इंजिन बंद केले. म्हणून पाण्याचा पंप बंद पडूनही इंजिन वाचले. मामांच्या मनगटास लचक भरली, चार पोती भिजली, याहून अधिक काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पेढीवर आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो मोडका टेन्शनर त्यांनी आमच्यापुढे गादीवर ठेवला. ते रागावले नाहीत. “अण्णा, आवाज आला तेव्हाच सांगितलं होतं,” एवढेच म्हणाले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या घरी बायको व दोन शिकणाऱ्या मुली होत्या, हे आम्हांस वीस वर्षे ठाऊक होते. परंतु आदल्या दिवशी हिशेब करताना आम्ही तो धरला नव्हता. तो टेन्शनर आजही आमच्या गल्ल्याच्या खणात, जुन्या वजनांच्या शेजारी आहे. त्यानंतर मामांपाशी व त्या मेस्त्रीपाशी बसून आम्ही जे समजून घेतले, ते पुढे देत आहो.

बिघाड कसा ओळखावा

पहिली खूण आवाजाची. सकाळी गाडी सुरू करताच किंवा स्टिअरिंग पूर्ण वळविताना किंचाळल्यासारखा लांब आवाज आला, तर पट्टा घसरत आहे असे समजावे. चिमणीच्या चिवचिवाटासारखा तुटक आवाज, इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारा, बहुधा एखादी पुली तिरकी असल्याचे दर्शवितो. घरघर किंवा खडखड असेल, तर ती बेअरिंगाची किंवा झिजलेल्या हाताची समजावी.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. बॉनेट उघडून, दूर उभे राहून, इंजिन मंद चालू असता टेन्शनरचा हात पाहावा. किंचित हालचाल स्वाभाविक आहे. तो मोठ्याने थरथरत वा आदळत असेल, तर आतील आवर गेलेला आहे. पट्टा पुलीच्या मधोमध न धावता एका कडेला सरकत असेल, तर तीही खूण आहे. पट्ट्याची कड उसवलेली दिसली, तर कारण पट्ट्यात न शोधता पुल्यांत शोधावे.

तिसरी खूण गाडीच्या वागण्यात. बॅटरीचा दिवा मध्येच लुकलुकणे, दिवे मंदावणे, चढावर तापमानाचा काटा वर जाणे, स्टिअरिंग अधूनमधून जड होणे, यांची इतरही कारणे असतात. परंतु पट्ट्याकडे प्रथम पाहावे, कारण ते पाहण्यास पैसा लागत नाही.

तपासणी

तपासणीच्या वेळी इंजिन थंड व बंद असावे आणि किल्ली खिशात असावी. धोतर, उपरणे, सैल बाह्या वा गळ्यातील टॉवेल चालू इंजिनाजवळ नेऊ नये.

पट्ट्याची आतील बाजू उलटवून पाहावी. जुन्या जातीच्या रबराला भेगा पडत, त्यामुळे पट्टा जुना झालेला चटकन दिसे. आताचे पट्टे ज्या रबराचे होतात, त्यास भेगा फारशा पडत नाहीत; त्याच्या रेघा टायरासारख्या झिजतात. म्हणून ‘भेगा नाहीत, म्हणजे पट्टा चांगला’ हा जुना समज आता सोडून द्यावा. रेघांमधील खाच रुंद व खोल झाली असेल, पट्टा काचेसारखा चकाकत असेल किंवा तेलाने फुगला असेल, तर तो बदलावा.

कित्येक टेन्शनरांच्या बैठकीवर खुणा कोरलेल्या असतात, व हाताचा काटा त्या दोन खुणांच्या आत असावा लागतो. काटा बाहेर गेला असल्यास पट्टा लांबला आहे, चुकीच्या लांबीचा घातला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे.

खरी परीक्षा पट्टा काढल्यावरच होते. टेन्शनरची पुली हाताने फिरवावी. ती निःशब्द व गुळगुळीत फिरली पाहिजे. खरखर लागली, पुली डुगडुगली, किंवा एकदा फिरवताच वंगण संपल्यासारखी भरभर गरगरत राहिली, तर बेअरिंग गेले आहे. पाना लावून हात मागेपुढे करून पाहावा. तो अडखळता कामा नये आणि सोडताना जोर एकसारखा लागला पाहिजे. त्याच वेळी आल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि इतर पुल्याही फिरवून पाहाव्यात. दुसरी एखादी पुली जाम झाली असेल, तर नवा टेन्शनरही तिच्या पायी खराब होईल.

आपल्या धंद्यातील गाड्यांस दोन गोष्टींचा विशेष उपद्रव होतो. एक, गोणपाटाचे तंतू, कोंडा आणि घाटातील तांबडी धूळ. ही पुल्यांच्या खाचांत बसते. दुसरी, जोराच्या पाण्याने इंजिन धुण्याची सवय. फवारा थेट बेअरिंगवर मारल्यास पाणी आत शिरते व वंगण निघून जाते. धूळ कोरड्या ब्रशाने झाडावी.

बदलण्याची रीत

हे काम मेस्त्रीनेच करावे. परंतु ते कसे व्हावयास हवे, हे मालकास ठाऊक असले म्हणजे काम नीट होते.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. पट्टा कोणत्या पुलीवरून व कोणत्या बाजूने गेला आहे, याचे चित्र कागदावर काढावे किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. हा पट्टा काही पुल्यांना रेघांच्या बाजूने, तर काहींना पाठीने स्पर्श करतो. एक वळण चुकले तरी पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो.

टेन्शनरच्या हातावर पान्यासाठी षट्कोनी उंचवटा किंवा चौकोनी भोक असते. तेथे लांब दांड्याचा पाना लावून पट्टा सैल होईल त्या दिशेस हात वळवावा, तसाच धरून ठेवावा व वरच्या पुलीवरून पट्टा उतरवावा. मग हात हळूहळू परत येऊ द्यावा. तो एकदम सोडल्यास स्प्रिंगच्या जोराने बोटे चिरडू शकतात.

यानंतर बैठकीचा बोल्ट काढून टेन्शनर उतरवावा आणि जुना व नवा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावेत. हाताची लांबी, पुलीचा व्यास, मागची खुंटी, सारे जुळले पाहिजे. नुसती पुली बदलावयाची असेल, तर काही गाड्यांत तिच्या बोल्टाचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे. न समजता जोर केल्यास आटे बसतात.

बसण्याची जागा पुसून घ्यावी. टेन्शनरच्या पाठीस एक लहान खुंटी असते, ती इंजिनावरील भोकात नेमकी बसली पाहिजे. ती न बसता बोल्ट आवळला, तर टेन्शनर तिरका राहतो आणि पट्टा पुन्हा बाहेर पडतो. बोल्ट आधी हाताने फिरवून, मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावा. काही नवे टेन्शनर हात मागे अडकवून, पिन घालून येतात. पट्टा बसविल्यानंतरच ती पिन काढावी.

पट्टा चढविल्यावर प्रत्येक पुलीवर त्याच्या सर्व रेघा खाचांत बसल्या आहेत, हे बोट फिरवून पाहावे. एक रेघ बाहेर राहिली तर पट्टा थोड्याच वेळात फाटतो. इंजिन फिरते त्याच दिशेने क्रँक पान्याने एक-दोन फेरे फिरवावा व पुन्हा पाहावे. मगच बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे, दूर उभे राहून पाच मिनिटे पाहावे व ऐकावे. काही दिवसांनी पुन्हा एकवार बॉनेट उघडून पाहावे.

सर्वच गाड्यांत अशी रचना नसते. काहींत अजून आल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो, काहींत स्प्रिंगऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर असतो, तर काहींत टेन्शनर नसून मुळातच ताणणारा पट्टा असतो, तो चढविण्यास वेगळे अवजार लागते. म्हणून गाडीचे पुस्तक प्रमाण मानावे. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत इंजिनच नसल्याने हा पट्टाही नसतो.

काय करू नये

पट्टा ओरडला की त्याला साबण, तेल वा राळ लावण्याची सवय गिरणीतून आपल्याकडे आली आहे. सपाट चामडी पट्ट्यास ते चालून जाई. रेघांच्या रबरी पट्ट्यास ते अपायकारक आहे. आवाज दोन दिवस थांबतो व रोग तसाच राहतो. वरून तेल वा कूलंट गळत असेल, तर आधी गळती थांबवावी, मग पट्टा बदलावा.

टेन्शनरची बैठक उघडून स्प्रिंग काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तिच्यात साठलेला जोर माणसास जखमी करू शकतो. बंद बेअरिंगात वंगण भरण्याचाही उपयोग नसतो.

पट्टा बराच चालून झिजला असेल, तर टेन्शनरही तेवढाच चाललेला असतो. दोन्ही एकदम बदलावेत. जुन्या टेन्शनरवर नवा पट्टा घालणे म्हणजे मोडक्या मापाने नवे धान्य मोजणे होय, आणि ते आम्ही करून पाहिले आहे. सुटा भाग ओळखीच्या दुकानातून, पक्क्या पावतीनेच घ्यावा; नकली मालाची पारख आपणांस धान्यात आहे, बेअरिंगात नाही.

चालकासाठीही दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. वाटेत बॅटरीचा तांबडा दिवा लागून स्टिअरिंग एकदम जड झाले, तर पट्टा गेला असे समजून गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच घट्ट धरावा व सुरक्षित जागी उभी करावी. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करावे. पाण्याचा पंप थांबलेला असता ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी पुढे नेल्यास इंजिन काही मिनिटांतच तापून हेड वाकते.

वहीतील एक पान

त्या प्रसंगानंतर आमच्या पेढीवर एक नवी वही सुरू झाली. पाडव्यास इतर वह्यांबरोबर तिचीही पूजा होते. प्रत्येक गाडीस एक पान असते. चालकाला गाडीत जे काही ऐकू आले, दिसले वा जाणवले, ते तो आपल्या शब्दांत, तारखेसह लिहितो. लिहिता येत नसेल तर मुनीम लिहून घेतात. समोरच्या रकान्यात त्यावर काय केले, ते दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळच्या आत आम्ही स्वतः लिहून सही करतो. तो रकाना कोरा असेल, तर ती गाडी घाटात जात नाही. मग समोर कितीही मोठी मागणी असो.

आरंभी आम्हांस हे जड गेले. एकदा दिवाळीच्या गर्दीत गाडी दोन दिवस उभी राहिली आणि एक जुने गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीकडे गेले. ते सहा महिन्यांनी परत आले.

मामा आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, धाकटी परिचारिका आहे. त्यांच्या जागी आलेला तरुण चालक गेल्या पावसाळ्यात वहीत लिहून गेला : ‘इंजिनाच्या पुढे बारीक चिवचिव, सकाळीच येते, मग जाते.’ आम्ही त्याच दिवशी गाडी पाठविली. टेन्शनरची पुली नुकतीच डुगडुगू लागली होती. पट्टा व टेन्शनर दोन्ही बदलले, खर्च वहीत मांडला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी चोर्ल्याने म्हापशास गेली.

सभासद बंधूंस आमची एवढीच विनंती आहे की, हा लेख वाचून झाल्यावर आपापल्या चालकास बोलावून घ्यावे आणि गाडीत हल्ली काही आवाज येतो का, असे विचारावे. तो जे सांगेल ते लिहून घ्यावे.